एका बैठकीचा इलाज

वसई, पारनाका
४ नोव्हेंबर १९७९

प्रिय यशाताई,

तुझं पत्र आणि भावोजींनी पाठवलेली विड्याच्या पानांची करंडी एकाच दिवशी पोचली. पानं अजून हिरवीगार आहेत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीत. तुम्ही सगळे तिकडे केळवे-माहीमला मजेत असाल. मंदाचं लग्न माघात ठरलं हे वाचून मी स्वयंपाकघरातच टाळी वाजवली. मुलगा बँकेत, घरची वाडी, समुद्रही जवळ, म्हणजे पोरीला परकं वाटायला नको. शालूचं मी बघते. मुंबईला जायचंच आहे मला एकदा.

आमच्याकडे ठीक. केळी यंदा बऱ्या लागल्यात, मागच्या वाऱ्याने चार लोंगर आडवे केले तेवढंच. ह्यांच्या दवाखान्याचं तर विचारू नकोस. दार उघडायच्या आधी बाकावर माणसं बसलेली असतात. अर्नाळ्याहून येतात, चिंचोटीहून येतात. बाकीचे डॉक्टर दाढेतली नस काढायला चार-पाच खेपा घालायला लावतात. कोळ्याने होडी सोडून, शेतकऱ्याने कापणी टाकून इतक्या वेळा यायचं कसं? मग ती माणसं म्हणतात, उपटून टाका. हे एकाच बैठकीत नस काढतात, मूळ साफ करतात, मुळात औषध भरतात आणि दाढ बंद करून देतात. माणूस आपल्या दातांनी भाकरी खात घरी जातो. "एका बैठकीचा डॉक्टर" असं नावच पडलंय. औषध म्हणजे लवंगेचं तेल, जस्ताची पूड आणि आणखी एक पूड, जिने मुळात राहिलेले जंतू मरतात. काचेवर ते घोटायचं काम माझं. वासाने आधी डोळ्यांतून पाणी यायचं, आता सवय झाली.

मंदाच्या दाढेबद्दल लिहिलंस. खालची उजवी, शेवटून दुसरी, असंच ना? लग्नाआधी बरी झालेली चांगली हे खरं. पण ताई, आत्ता तिला पाठवू नकोस. ह्यांच्या खुर्चीचं काहीतरी बिघडलंय, ती खाली-वर होत नाही. शिवाय गर्दी एवढी की घरच्या माणसाला वेळ द्यायला जमत नाही. मिठाच्या पाण्याने गुळण्या करू दे, लवंग धरू दे. फारच ठणकली तर डहाणूला एक म्हातारे पारशी डॉक्टर आहेत म्हणे. हळू हाताचे आहेत. चार खेपा पडतील, पण पडू देत.

माझ्या ओठाचं विचारलंस. दिवाळीच्या फोटोत तोंड का वळवलंय म्हणून. काही नाही गं, चहाने जरा भाजलं होतं. लक्ष नव्हतं.

माझी दाढ गौरीच्या आधी ह्यांनीच भरून दिली. ती आता अजिबात दुखत नाही.

मुलं अभ्यासाला बसलीत, भात वाफेवर आहे. पुरे करते. भावोजींना सांग, पानं फार गोड निघाली.

तुझी
प्रेमा


वसई
२६ नोव्हेंबर

यशाताई,

तुझं कार्ड मिळालं. "खुर्ची मोडली असेल तर भालचंद्ररावांना म्हणावं चटईवर झोपवून दाढ बघा. नाहीतर पोर जड झाली असं सरळ लिही." वाचून आधी हसू आलं. मग पोस्टमन गेल्यावर मी दारातच उभी राहिले.

खुर्ची धड आहे. तुला खोटं लिहिलं मी. पोर मला जड नाही, उलट ती माझी आहे म्हणूनच लिहिलं. आता जेवढं सांगता येईल तेवढं सांगते. तुझ्यापाशीच ठेव. भावोजींना सांगितलंस तर ते पुढच्याच गाडीने इथे येतील आणि ह्यांच्यासमोर उभे राहतील, आणि मला ते नको आहे.

क्लेमेंटीन तुला आठवते का? सांडोरची, ह्यांच्याबरोबर दाताच्या कॉलेजात होती. माझ्या लग्नात पिवळा झगा घालून आली होती ती. आता मुंबईला कॉलेजातच शिकवते, प्रयोगशाळेत काम करते. मे महिन्यात ती आमच्याकडे जेवायला आली होती. कोलंबीचं कालवण केलं होतं मी. बोलता बोलता ह्यांच्या औषधाचा विषय निघाला. ती म्हणाली, "भालचंद्र, ती दुसरी पूड काय आहे ठाऊक आहे ना? प्रेतं टिकवायला जे पाणी वापरतात, त्याचीच सुकी बहीण."

हे म्हणाले, "म्हणून तर चांगली. दाढ मेलेलीच असते. मेलेल्याला कसलं आलंय मरण?"

"दाढ मेलेली असते. मुळाच्या टोकापलीकडे माणूस जिवंत असतो," ती म्हणाली.

दोघंही हसली. भांडण नव्हतं ते. ती म्हणाली, मला थोडं घोटून दे, माझ्या पेशींवर ठेवून बघते. ह्यांनी मला हाक मारली, मी घोटलं, कागदात गुंडाळून दिलं. पुढे पाऊस लागला आणि आम्ही विसरलो.

दिवाळीत ती पुन्हा आली ती हसत नव्हती. ह्यांच्याशी आत बसून बोलली. मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा हे म्हणत होते, "बाटलीत रक्त असतं का? तुझ्या पेशींना पळायला वाट नाही. जिवंत माणसात रक्त खेळतं, वाईट असेल ते धुऊन नेतं. मी शेकडो दाढा भरल्या. माझी माणसं चालतायत, बोलतायत." क्लेमेंटीनने चकली हातात घेतली, पण खाल्ली नाही. जाताना दारात मला म्हणाली, तू ये एकदा, तुला दाखवते.

म्हणून मी गेले. शालू बघायला गेले हे खरं, पण आधी तिच्याकडे गेले. ह्यांना सांगितलं नाही.

तिथे एक कपाट आहे. उघडलं की आतून अंगाच्या उबेसारखी ऊब येते. त्यात चपट्या बाटल्या, तळाशी गुलाबी पाणी. कुणाचीतरी अक्कलदाढ काढताना हिरडीचा एवढासा तुकडा निघाला, त्यातून तिने या पेशी वाढवल्यात. त्यांना वेळच्या वेळी खायला घालावं लागतं, पाणी बदलावं लागतं. तो माणूस कधीच घरी गेला आणि त्याची हिरडी इथे वाढतेय. तिने मला भिंगातून बघायला लावलं. लांबट, टोकदार, एकीला एक खेटून, सगळ्या एका दिशेने. मांदेलीचा थवाच. मला वाटलं होतं किळस येईल, पण फार सुंदर दिसत होत्या गं.

मग तिने दुसरी बशी ठेवली. मध्ये साध्या औषधाचा खडा, जस्त आणि लवंगेचं तेल एवढाच. त्याच्याभोवती आधी पेशी मेल्या होत्या, पण नंतर नव्या वाढत वाढत पार खड्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या.

मग आमचा खडा. मे महिन्यात मी घोटलेला, सुकून दगड झालेला. त्याच्याभोवती काहीच नव्हतं. लांब कडेला थोड्या पेशी होत्या, त्याही गोल झालेल्या, बुडापासून सुटून पाण्यात तरंगणाऱ्या. "किती वेळा नव्या पेशी घातल्या," क्लेमेंटीन म्हणाली, "दरवेळी हेच. हा खडा थांबतच नाही, प्रेमलता. आतल्या आत विष सोडतच राहतो."

मी विचारलं, माणसाच्या जबड्यातही असंच होतं का? ती म्हणाली, "मुळाच्या आत राहिला तर कदाचित नाही. खालच्या दाढेच्या टोकाबाहेर गेला तर तिथून ओठाची शीर जाते." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पिशवी उचलली, म्हटलं, गाडी चुकेल.

आणखी एक सांगते. अर्नाळ्याची मथुरा मासळी घेऊन येते ना माझ्याकडे, तिची खालची दाढ ह्यांनी पावसाळ्यात भरली. परवा सुके बोंबील घेऊन आली, ह्यांच्यासाठी भेट म्हणून. म्हणाली, "डाक्टर, दाढ बरी हाय. पन व्हट माझा मेल्यावानी झालाय. पानी पिते तं गलून जातं, मना कलतच नाय." ह्यांनी तिचा ओठ दाबून पाहिला. वारा लागला असेल म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या. ती पाया पडून गेली. मी काच हातात धरून तिथेच उभी होते. मी तिला काही बोलले नाही. का बोलले नाही ते मला विचारू नकोस.

हे वाईट नाहीत, ताई. तुला ठाऊक आहे. पैसे नसले तरी दाढ भरून देतात. म्हणून तर सांगता येत नाही.

मंदाला पाठवू नकोस, एवढंच.

प्रेमा


वसई
१६ डिसेंबर, रविवार

यशाताई,

मंदाने घरी येऊन तुला सांगितलंच असेल. पण तिने घाबरून काय सांगितलं आणि काय गिळलं, मला ठाऊक नाही. म्हणून सगळं लिहिते. मागच्या पत्रात जे लिहिलं नाही तेही.

तू पाठवलं नाहीस हे मला माहीत आहे. पोरीचा गाल सुजला, तू वाडीत होतीस आणि भावोजींनी तिला गाडीत बसवून दिलं. त्यांना काय ठाऊक? मावशीचा नवरा दातांचा डॉक्टर, दुसरीकडे कशाला जायचं! मी तेव्हा बाजारात होते. परत आले तर दवाखान्याच्या दारात मंदाच्या चपला. हातातली पिशवी तशीच खाली टाकून मी आत गेले.

ती खुर्चीत होती, तोंडात कापूस. ह्यांनी नस काढून मूळ साफ केलं होतं. हे इतके खुशीत होते! "ये ये, प्रेमा, वेळेवर आलीस. बघ कोण आलंय. तुझ्या भाचीला अगदी नवरीसारखी दाढ करून देतो. घोट जरा पूड."

मी हललेच नाही.

"घोट ना. पोरीने तोंड किती वेळ उघडं ठेवायचं?"

मी म्हटलं, "हिच्या दाढेत ती भरू नका."

ह्यांचा चेहरा उतरला. मंदासमोर बोलले म्हणून. हळू आवाजात म्हणाले, "क्लेमेंटीनच्या बाटल्या इथे आणू नकोस."

"बाटल्या नाहीत," मी म्हटलं. "माझा ओठ बघा."

ताई, आता तुलाही सांगते. गौरीच्या आधी ह्यांनी माझी दाढ भरली, त्या दिवशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं. संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाले. ते उतरलंच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, गौरी जेवल्या तेव्हाही नाही. खालचा उजवा ओठ आणि हनुवटी, कुणीतरी दुसऱ्याचं कातडं आणून शिवल्यासारखं झालं. चहाने भाजलं ते मला कळलं नाही, मुलाने "आई, साल निघालंय" म्हटलं तेव्हा कळलं. जेवताना ओठ चावला जातो. लहान मुलासारखी आरशात बघून ओठावरचा भात पुसते. आणि हे सगळं मी ह्यांच्यापासून लपवलं. ह्यांनी माझी दाढ किती मायेने भरली होती! दुखतंय का, दुखतंय का, असं दर घटकेला विचारत होते. त्या माणसाला कसं सांगू की तुमच्या हाताने हे झालं? आज बरं होईल, उद्या होईल, म्हणत राहिले. मथुरा आली तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. तिच्यापुढे बोलले असते तर माझंही बाहेर पडलं असतं.

ह्यांनी मला स्टुलावर बसवलं. दाताची बारीक सुई उचलली आणि म्हणाले, "डोळे मीट. टोचलं की सांग." डाव्या बाजूला टोचलं, मी म्हटलं, हां. पुन्हा डाव्या बाजूला. हां. मग मी वाट बघत बसले. बराच वेळ झाला. वाटलं, हे काहीतरी शोधत असतील, अजून टोचलं नाही. तेवढ्यात मंदाचा आवाज आला, कापसातून बोबडा, "मावशी, रक्त."

डोळे उघडले तर ह्यांच्या हातातली सुई लाल झालेली आणि पदरावर थेंब. हे माझ्या ओठाकडे बघत होते. एकदा नाही, तीन-चार ठिकाणी टोचलं होतं.

"कधीपासून?"

"गौरीच्या आधीपासून."

"मला बोलली नाहीस."

मी पदराने तोंड पुसलं.

ह्यांनी मंदाच्या मुळात ते औषध घातलं नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, वरून तात्पुरतं बंद केलं, आणि तिला म्हणाले, "तुझी मावशी पत्ता देईल, मुंबईला क्लेमेंटीन डॉक्टरीणबाईंकडे जा. चार खेपा घालाव्या लागतील." आवाज अगदी नेहमीचा होता. पण हात धुवायला गेले ते किती वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. ह्यांना कळलं. तुला खोटं का सांगू, त्या दिवशी मंदाला गाडीत बसवून परत येताना मला फार हलकं वाटत होतं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तुझ्या बाबतीत माझा हात जास्त गेला. टोकाबाहेर गेलं औषध. चूक माझ्या हाताची, औषधाची नाही. आता मी हात सांभाळीन."

मी ह्यांच्या ताटात वाढत होते. पळी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचोटीचा हिरामण आला. भात झोडायचं काम टाकून आला होता, गाल धरून. हे मला म्हणाले, पूड घोट. मी विचारलं, कुठली? हे म्हणाले, "नेहमीचीच. वरची दाढ आहे, तिथे शीर नाही." मी काचेला हात लावला नाही. ह्यांनी स्वतः घोटलं. पहिल्यांदाच घोटत होते, मला वाटतं, कडेला सांडत होतं. माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून रोज तेच घोटतात. खालच्या दाढांनाही.

मी चिडून विचारलं एकदा. म्हटलं, मला बघूनही? तर शांतपणे म्हणाले, "मी बंद केलं तर ती माणसं काय करतील सांग. दात उपटतील. तरण्याताठ्या पोरी बोळक्या होतील. शंभरांत एकाचा ओठ बधिर होतो, नव्याण्णव जेवतात." मी म्हटलं, शंभरांत एक कुणी मोजलं? कुणी मोजलेलंच नाही, ताई. ओठ मेला म्हणून कोण परत येतं? मथुरा आली ती बोंबील द्यायला आली होती.

मथुरेला मी जाऊन सांगितलं. अर्नाळ्याला, किनाऱ्यावर, ती बोंबील वाळत घालत होती. सगळं सांगितलं, माझाही ओठ दाखवला. तिने काठी खाली ठेवली, माझ्या हनुवटीला हात लावला. मला तो लागला नाही. म्हणाली, "मंग आता दोगी सारख्या झालो." रागावली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी माझा जबडा सुजला. दाढ दुखत नाही, तिच्याखालचं हाड दुखतं, आणि हिरडीतून घाण येते. ह्यांनीच मला मुंबईला नेलं, क्लेमेंटीनने फोटो काढला. फोटोत मुळाच्या टोकाखाली पांढरा धागा दिसतो, शिरेच्या वाटेत उतरलेला. आमचं औषध. हे फोटो उजेडाकडे धरून बघत राहिले. क्लेमेंटीन म्हणाली, आजूबाजूचं हाड सडायला लागलंय, खरवडून काढावं लागेल. किती काढावं लागेल ते उघडल्यावर कळेल. ओठाबद्दल मी विचारलं. ती म्हणाली, "तो परत येईल असं मी सांगू शकत नाही."

येताना गाडीत ह्यांनी माझा हात धरला होता. उतरेपर्यंत सोडला नाही. मी म्हटलं, बंद करा आता. ह्यांनी मान हलवली. मला ते हो वाटलं.

काल शनिवार. सकाळी मी बघते तर काचेवर पूड काढलेली. मग मी पुढच्या दाराने बाहेर गेले. बाकावर तिघं बसली होती, एक सांडोरची सालोमी, दुसरा तिचा दीर, आणि हिरामण, त्याची दुसरी दाढ दुखत होती, आता खालची. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. हे औषध भरून घेऊ नका, माझा जबडा बघा, हे त्यानेच झालंय. सूज होती, ओठ हलत नव्हता, तोंडातून लाळ येत होती, शब्द नीट फुटत नव्हते. मला माझाच आवाज वेडीसारखा ऐकू येत होता. सालोमी उठली, दिराला कोपराने ढोसलं, दोघं निघून गेली. हिरामण बसून राहिला. माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "बाय, आमी वलखतो डाक्टरला. माजी वरची दाढ बघा कशी बेस झाली. तुमी आदी बऱ्या व्हा." आणि तो आत गेला.

मी पडद्यापाशी उभी राहिले. आतून ह्यांचा आवाज ऐकू येत होता. "दुखतंय का रे? दुखलं तर सांग हां." त्याच मायेने.

ताई, तुला काही करायचं असेल तर एवढंच कर. माहीमला, केळव्याला, पालघरला जो कोणी म्हणेल की वसईला एका बैठकीचा डॉक्टर आहे, त्याला सांग, "तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे, तिथे जाऊ नका." भावोजींना सांगितलंस तरी चालेल आता. माझ्या संसाराचं काय होईल याचा विचार तू करू नकोस, तो मी करून झाला आहे. मंदाला म्हणावं, चारही खेपा घाल, एकही चुकवू नकोस.

उद्या सकाळी मला जबड्यासाठी मुंबईच्या इस्पितळात भरती व्हायचंय. हे मला पोचवून दुपारच्या गाडीने परत येणार आहेत. मी म्हटलं, थांबा ना तिथे. तर म्हणाले, "सोमवार आहे. माणसं लांबून आलेली असतात."

तुझी धाकटी बहीण
प्रेमलता